माझी तिसरी मोटर

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर संथ घिरट्या घालणारा गोरागोमटा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. तो मी नव्हे. मी काळा, उघड्या सांगाड्याचा, चार हात पसरलेला. प्रत्येक हातावर एक मोटर आणि तिच्यावर एक पातं. माझ्या जातीला एफपीव्ही म्हणतात. आमचा चालक डोळ्यांना गॉगल बांधतो आणि माझ्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच त्याला दिसतं. स्वतःचे पाय दिसत नाहीत, शेजारचा माणूस दिसत नाही. तो खाली बसलेला असतो, पण असतो माझ्यात. म्हणूनच माझ्याकडून जे घडलं, त्यातलं माझं किती आणि त्याचं किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

लोणावळ्यात, वलवणच्या एका खोलीत माऊली नावाच्या तरुणाने मला जोडलं. मी कारखान्यातून तयार होऊन आलेला नाही. सांगाडा एकीकडून, मोटरी दुसरीकडून, कॅमेरा तिसरीकडून आणून त्याने एकेक तार हाताने डाख देऊन बसवली. बोट भाजलं की तोंडात घालायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. पहिल्यांदा मी हवेत उठलो तेव्हा तो इतका मोठ्याने ओरडला, की खालच्या चिक्कीच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

पुढची तीन वर्षं माझी हौसेची गेली. खोटं कशाला बोलू, मला माझा गर्वही होता. कड्याच्या टोकावरून मी धबधब्याच्या धारेबरोबर सरळ खाली झेपावायचो आणि दगडाला टेकता टेकता वर उठायचो. बंगलेवाल्यांच्या जाहिरातीसाठी खिडकीतून आत शिरून, जेवणाच्या टेबलावरून जाऊन, दारातून बाहेर पडायचो. सहलीला आलेली माणसं टाळ्या वाजवायची. "काय हात आहे पोराचा!" असं म्हणायची. माऊली लाजायचा आणि मला पुसून पेटीत ठेवायचा.

मग दसऱ्याचा दुसरा दिवस आला.

एका बंगलेवाल्याला जाहिरातीत घनदाट जंगल हवं होतं. आतल्या मावळात एका वाडीच्या वर देवराई आहे, देवाच्या नावाने राखलेलं जुनं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. माऊली खाली लांब एका बांधावर बसला. वाडीत जाऊन कोणाला विचारावं, वर कोणी आहे का ते बघावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. आम्ही दोघं भरात होतो.

झाडं जाड होती आणि आत धुकं होतं. चित्रात मुंग्या आल्या. हा इशारा असतो मित्रांनो, चित्रात मुंग्या आल्या की थांबायचं. पण माऊलीला वाटलं, अजून एक झाड, मग मोकळी जागा. मी त्या झाडाला वळसा घातला. समोर हिरवं लुगडं दिसलं. पाठमोरी, वाकलेली बाई. नंतर मला काहीच दिसलं नाही.

मी करवंदीच्या जाळीत उलटा पडलो होतो. कॅमेरा मातीत होता, म्हणून मला फक्त ऐकू येत होतं. ती बाई ओरडत होती. आधी नुसतीच ओरडली. मग म्हणू लागली, "चुकलं रं देवा! चुकलं माझं! दोनच काटक्या घेतल्या व्हत्या, पुन्यांदा न्हाई घ्यायची!" हे ती कितीदा म्हणाली ते मी मोजलं नाही. मला अजून तेच ऐकू येतं.

माऊली धावत वर आला. मला वाटलं, आता तो तिच्याकडे जाईल. त्याची पावलं एका झाडामागे थांबली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, इतका तो जवळ होता. वाडीतली माणसं आली, तिला धरून खाली घेऊन गेली. सगळं शांत झालं तेव्हा त्याने मला जाळीतून काढलं. माझ्या तिसऱ्या मोटरीला करड्या केसांची बट गुंडाळली गेली होती.

खोलीवर आल्यावर त्याने कात्रीने ते केस कापले, मला ओल्या फडक्याने पुसलं, चारी पाती बदलली. माझ्या मेंदूत प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते, तीही पुसून टाकली. मी वरून पुन्हा नवा दिसू लागलो. पण मोटरीची टोपी उघडून आत काय राहिलंय ते त्याने पाहिलं नाही. बहुधा पाहवलं नसेल.

त्या दिवसापासून माझी तिसरी मोटर खरखरू लागली. आवाज अगदी बारीक, पण आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू यायचा. पुढे तीनदाच उडालो. तीनही वेळा झाडांची रांग दिसली की माऊली रिमोटवरचा अंगठा वर रेटायचा आणि मी उगाच उंच उंच जायचो. एकदा रिकाम्या माळावर त्याने एकदम मला खाली उतरवलं, गॉगल ओरबाडून काढला आणि चारी बाजूंना बघितलं. त्याला कडेला हिरवं काहीतरी दिसलं होतं. मित्रांनो, तिथे काहीच नव्हतं, कॅमेरा माझा आहे, मला माहीत आहे. पण भीती मलाही वाटली.

मग मी फळीवर गेलो. लोणावळ्याचा वारा तुम्हाला ठाऊक आहेच. खिडकीतून जोराचा झोत आला की माझी तीन पाती गरकन फिरायची, आणि तिसऱ्या मोटरीचं पातं अर्ध्यावर खर्रकन अडायचं. माऊली जेवता जेवता घास तसाच ठेवून बघत राहायचा. शेवटी त्याने माझ्यावर टॉवेल टाकला. त्या टॉवेलखाली मी पाच महिने काढले. मला उडायची इच्छाच राहिली नव्हती. ती बाई वाचली की नाही, एवढंच कोणीतरी सांगावं असं वाटायचं.

फाल्गुनात माऊलीने मला विकायला काढलं आणि कान्ह्याला घेऊन गेला. तिथे स्टेशनजवळ सारिकाताईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ताईंना बैलगाडा शर्यतींचं चित्रीकरण करायचं होतं, पळत्या बैलांच्या बरोबरीने उडेल असा ड्रोन हवा होता. माऊली म्हणाला, "एकदाही पडलेला नाही, ताई. अगदी जपून वापरलाय."

"आसंल," ताई म्हणाल्या. "पन मी बघून घेणार. शर्यतीला हजारानं मानसं असत्यात. ह्यो कुनाच्या डोक्यात पडला तर?"

माऊलीने पाण्याची बाटली उघडली, पण प्यायला नाही.

आणि मग ताईंनी मला तपासलं. इतकं नीट मला माझ्या कर्त्यानेही कधी पाहिलं नव्हतं. आधी कानाशी धरून हलवलं, आत सुटा स्क्रू वाजतो का ऐकलं. नाकाशी धरून जळका वास येतो का पाहिलं. माझे हात एकेक करून हलके पिळले, कारण चीर असेल तर ती पिळल्यावरच उघडते. तारांच्या सांध्यांवर भिंग धरलं, पाण्याने येणारा हिरवट गंज कुठे आहे का ते शोधलं. बॅटरी टेबलावर ठेवून ती फुगलीय का ते बघितलं. पाती काढल्याशिवाय बॅटरी जोडली नाही. हे शेवटचं तर तुम्ही पाठच करा, बोटं वाचतील.

मग लॅपटॉपला जोडून त्यांनी माझी नोंद उघडली. "तीन वर्सं वापरलाय म्हनतोस, आन् नोंद कोरी? कुनी पुसली?"

"जागा भरली होती," माऊली म्हणाला.

 ताईंनी बॅटरी काढली आणि बोटाने माझ्या मोटरी फिरवायला घेतल्या. पहिली गरगर फिरली. दुसरीही. तिसरी खरखरली. "हितं कायतरी हाय," म्हणून त्यांनी बारीक स्क्रू काढला आणि टोपी उचलली. चिमट्याने आतून काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. चार-पाच करडे केस आणि लुगड्याचा एक हिरवा धागा.

 ताईंनी तो धागा उजेडात धरला.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी," ताई हळूच म्हणाल्या, "आमच्या कोमलच्या आईला देवराईत मार बसला. मागनं. तोंडावर पडून भुवई फाटली, केसांची बट उपटून निघाली. मारनारा कुनाला दिसला न्हाई. तू कुटं उडवलावतास, माऊली?"

माऊलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ताई, त्या... त्या जिवंत आहेत?"

ती जिवंत होती! तिचं नाव झुंबरबाई. दुकानामागे राहणारी कोमल तिची एकुलती एक लेक. ताईंनी पुढचं सांगितलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. झुंबरबाई चाळीस वर्षं त्या देवराईतलं देवाचं ठाणं झाडायची, दिवा लावायची. त्या दिवशी घरातलं सरपण भिजलं होतं म्हणून तिने दोन वाळक्या काटक्या उचलल्या, आणि त्याच क्षणी तिला मार बसला. वाडीने म्हटलं, देवाचा कोप झाला. तिलाही तेच वाटलं. तिने झाडलोट सोडली, दिवा सोडला. आता कोमलला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण झुंबरबाईने निरोप पाठवला होता, की माझ्यावर कोप आहे, लेकीला हितं आणू नका, बाळाला बाधेल. कोमलला वाटत होतं, आईला मी नकोशी झाले. "रोज दुकानात येऊन रडती," ताई म्हणाल्या. "उद्या तिचा दीर तिला तळेगावला दवाखान्याजवळ खोली बघून ठेवनार हाय. माहेरचं दार बंदच झालं म्हनायचं."

माऊली खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मी घाबरलो होतो ताई. परवानगी काढली नव्हती. वाटलं, लोक मारतील."

"त्ये सगळं झुंबरमावशीला सांग," ताई म्हणाल्या. "चल, आत्ताच."

सारिकाताईंच्या स्कूटरवर मागे बसून, मला मांडीवर घेऊन माऊली त्या वाडीत आला. झुंबरबाई अंगणात डोंगराकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. भुवईवर पांढरट वण होता. तिचे मालक भिमाजीआबा दोरी वळत बसले होते. ताईंनी मला तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. मला लपावंसं वाटलं, पण ड्रोनला लपता येत नाही.

माऊलीने सगळं सांगितलं. बांधावर बसलो होतो, चित्र दिसेनासं झालं, तरी थांबलो नाही, मग धावत वर आलो आणि झाडामागे लपलो. मान वर न करता सांगितलं.

झुंबरबाईने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, "वाजीव त्याला."

ताईंनी पाती नसलेल्या माझ्या मोटरी चालू केल्या. मी किंचाळलो. माझा आवाज तसाच आहे, मी काय करू? तिचा हात आपोआप भुवईकडे गेला. "ह्योच! ह्योच आवाज! बंद कर रं, बंद कर!"

मी गप्प झालो.

"म्हंजी देवानं न्हाई मारलं मला?" तिने भिमाजीआबांना विचारलं.

"न्हाई गं," आबा म्हणाले.  "ह्या पोराच्या हातनं झालं. देव कशाला मारतोय तुला? त्येचं ठानं तू झाडलंस."

झुंबरबाई रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. तांदळाचं सूप तिच्या मांडीवरून कलंडलं. "आवं, मग बसलाव काय? जावा, लेकीला घेऊन या. सांगा म्हनावं, आईनंच बोलावलंय." आबा पायात वहाणा घालेपर्यंत तिने तीनदा तेच सांगितलं.

मग ती माऊलीकडे वळली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने शिव्या दिल्या नाहीत.

"तू झाडामागं व्हतास. माझं वरडनं आयकलंस?"

"हो, मावशी."

"मी देवाला हाका मारत व्हते, पोरा. तू तर दहा पावलांवर व्हतास. मग आला का न्हाईस?"

माऊली सांडलेले तांदूळ वेचू लागला. कोमल माहेरी आली, बाळंतपण सुखरूप झालं. माऊलीने दवाखान्याचं सगळं धावून धावून केलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही.

मी आता सारिकाताईंच्या दुकानात फळीवर असतो, माऊलीने मला परत नेलंच नाही. माझी तिसरी मोटर साफ झालीय, लोण्यासारखी फिरते. तरी मला उडवू नये असं ताईंना वाटतं आणि मलाही. दुकानात गर्दी नसली, की त्या बाईचा तो आवाज मला पुन्हा ऐकू येतो.

मित्रांनो, जुना ड्रोन घ्याल तेव्हा सांधे बघा, बॅटरी बघा, प्रत्येक मोटर बोटाने फिरवा. तो किती वेळा पडला हे तर विचाराच, पण कोणावर पडला हेही विचारा. आणि कधी तुमच्याच हातून कोणाला लागलं, तर झाडामागे थांबू नका. मी जाळीत उलटा पडलो होतो, मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. तुम्हाला पाय आहेत. जा.