भरल्या टाकीचा जनरेटर

कमलाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. तेवढ्यात लाइनमन प्रेमदासनं दारात फटफटी थांबवली.

"काकू, मंगळवारी दिवसभर लाइन बंद राहीन. तारा बदलाच्या हायेत."

"अरे बापा! मंगळवारी तं आमच्या जागृतीचं लगन हाये."

"मंग ह्याले काऊन सजवून ठेवलं?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी जनरेटर. दोन माणसांनी उचलावा एवढा, पेट्रोलवर चालणारा. कमलाबाईंच्या यजमानांनी, रामाजींनी, मला माईक-भोंग्याच्या धंद्यासाठी आणलं. आमच्या रोहणा गावात बारसं असो की जयंती, मी हजर. माझा आवाज भोंग्याच्या वरताण. रामाजी हसून म्हणायचे, "गाणं नाई आयकू आलं तरी चालते, माहा गडी आयकू आला पाह्यजे!"

दोन वर्षांपूर्वी रामाजी गेले आणि मी गप्प झालो. कमलाबाई मात्र मला दर रविवारी पुसायच्या. काम संपलं की टाकी भरून ठेवायची, ही रामाजींची शिस्त होती. कोण कधी बोलावेल सांगता येत नाही. ती शिस्त कमलाबाईंनी पाळली. टाकी भरूनच ठेवली.

लग्नसराईत भाड्याचा जनरेटर कुठे मिळेना. मुलगा विवेक माझी दोरी ओढून घामाघूम झाला. मी एकदा खोकलो, बस. त्यानं प्लग काढून घासला. ठिणगी पडत होती. मग टाकीचं झाकण उघडलं आणि नाक धरलं.

"आई, हे पेट्रोल नाई, काढा झाला! कवाचं हाये?"

"तुहे बाबा गेले तवाचं. मीच भरलं."

शिळ्या पेट्रोलचा चिकटा होऊन कार्बोरेटर बुजला होता. आतली सुई गंजून अडकली होती, काढताना तुटली. कमलाबाई पदरानं माझं हँडल पुसत राहिल्या.

वर्ध्याचा दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल बंद झालं. नवीन घ्या."

विवेकला आठवले सिंदीचे गोपालभाऊ, रामाजींचे दोस्त. त्यांनी माझ्याच मॉडेलचा, माझा जोडीदार घेतला होता.

"माह्यावाल्याचं इंजिन गेलं, पोरा. पण कार्बोरेटर चांगला हाये. येजो, काढून ने."

"काका, पैसे..."

"चूप बे! लग्नात जिलबी वाढजो."

जोडीदाराचा कार्बोरेटर मला बसला. टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं. विवेकनं दोरी आईच्या हातात दिली.

"हट! मले जमते काय?"

जमलं. दोन हिसक्यांनंतर मी असा गरजलो की कोंबड्या कुंपणावरून पळाल्या. शेजारच्या सुलोचनाबाई धावत आल्या.

"कमला वं, रामाजीभाऊ आले काय?"

कमलाबाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. "आले न! च्या ठेव."

मंगळवारी लाइन गेली ती गेलीच. पण विहारापुढच्या मांडवात पंखे फिरले, पंचशील माईकवरून गावभर ऐकू गेलं. गोपालभाऊ जिलब्या खाताना सारखे माझ्याकडे पाहत होते. माझ्या पोटात त्यांचाही गडी बोलत होता.

आता कमलाबाई महिन्यातून एकदा मला सुरू करतात, शेजाऱ्यांची झोप मोडतात आणि थोडंच पेट्रोल ठेवतात.

त्या दिवशी लग्नानंतर विवेक आणि गोपालभाऊंनी मला उचलून घरी आणलं होतं. वाटेत दोनदा टेकवलं, दम खाल्ला. रामाजी माझ्याखाली चाकं बसवणार होते. ती बसवायची राहिली आहेत.