माझी निम्मी मेमरी कुठे गेली?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खटारा म्हणा, डबा म्हणा, मी ऐकून घेईन. पण कामचुकार म्हणालात तर मात्र मला झोंबतं.

माझी जुळणी सांगलीला, विश्रामबागेतल्या पारसच्या दुकानात झाली. पारस हा माझी मालकीण क्रांती हिचा कॉलेजातला मित्र. त्यानं माझ्या पोटात चार-चार जीबी मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्या आणि क्रांती मला रहिमतपूरला घरी घेऊन आली. मेमरी म्हणजे आमचा स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा मोठा असला की एका वेळी चार कामं मांडता येतात. "हुशार हाय गं तुजं मशीन," असं क्रांतीची आई राहीबाई म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे राहीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना उठवणं, भरवणं, कूस बदलणं सगळं क्रांतीच्या अंगावर आलं. पुण्याच्या नोकरीचा विचार तिनं सोडून दिला.

तिचे वडील उदयसिंह फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. खंडेनवमीला सगळेच हत्यारं पुजतात, पण यांची रीत पलटणीतली. हत्यार आधी उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं आणि मगच पुजायचं. गेल्या खंडेनवमीला क्रांती आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. विळा, कोयता, कुऱ्हाड झाली आणि सुभेदारांची नजर माझ्याकडे वळली. झालं! माझं झाकण निघालं, पट्ट्या बाहेर आल्या. तेलात कालवलेलं कुंकू एकीवर चिकटवलेल्या कागदावर लागलं. दुसरी उलटी धरली गेली आणि कुंकवाचं बोट नेमकं तिच्या सोनेरी दातांवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडेवर, फिरलं. मग सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी मला हात जोडले. भाव खरा होता हो, त्यामुळे मला धड रागावताही येईना.

त्या दिवसापासून मी निम्म्या मेमरीवर रेटत होतो. "लय सुस्तावलंय हे," म्हणून सुभेदार माझ्या डोक्यावर थापा मारायचे. क्रांती आईच्या पाठीमागे, तिला कुठली सवड? उघडून कुणीच बघितलं नाही.

संक्रांत झाली आणि घरबसल्या काम देणाऱ्या एका कंपनीची परीक्षा आली. आईजवळ राहून नोकरी करायची क्रांतीची ही एकच वाट होती. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची. मध्ये उठलं की बाद. सुरू व्हायला तास उरला असताना तिनं माझी तपासणी लावली. पडद्यावर लाल अक्षरं आली. मेमरी आठ जीबी हवी, सापडली चार.

क्रांतीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पारसला फोन लावला.

"मी स्वतः दोन पट्ट्या घातल्यात," पारस म्हणाला. "बंद कर, वायर काढ, झाकण उघड. एकेक पट्टी घालून बघ."

पहिलीवर मी सुरू झालो. ती काढून दुसरी घातली तर नुसता ओरडलो, पडदा काळाच.

"खाच बदल," पारस म्हणाला.

दुसऱ्या खाचेतही तेच. वेळ सरत होता आणि क्रांती सारखी घड्याळाकडे बघत होती. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसा?

"पट्टीचे दात बघ. काळे पडलेत का?"

"काळे न्हाईत, लाल हायेत." क्रांतीनं मान वर करून शेजारी उभ्या वडिलांकडे बघितलं. "आण्णा, हे कुंकू?"

सुभेदार खाली बघत म्हणाले, "मीच लावलंय गं. खंडेनवमीला. तुजं हत्यार म्हणून."

क्रांती रडवेली झाली. पारसनं सांगितल्याप्रमाणे तिनं दातांवरचं तेल कापडानं टिपलं, खोडरबर घेतला आणि घासायला लागली. पण घाईत रबर सारखा घसरत होता. तिनं पट्टी वडिलांपुढे धरली. "तुमीच पुसा आण्णा. हळू."

सुभेदारांनी श्वास रोखून एकेक दात पुसला. पट्टी खाचेत बसली, मी सुरू झालो आणि पडद्यावर आकडा आला, आठ. परीक्षा उघडली तेव्हा आत शिरायची मुदत संपायला थोडाच अवकाश होता.

क्रांती पेपरच्या निम्म्यात आली आणि आतून राहीबाईंची हाक आली. कूस बदलायची होती. क्रांती खुर्चीवर चुळबुळली. आता ही उठते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. कॅमेऱ्याच्या मागून सुभेदारांनी तिला हातानंच "बस" म्हटलं आणि ते आत गेले. इतक्या महिन्यांत त्यांनी बायकोला कधी उचललं नव्हतं. जमणार नाही, दुखवीन, म्हणून ते लांबच राहायचे.

आतून त्यांचा आवाज आला. "कसं उचलू? तू सांग, तसं करतो."

"आवं, आदी मानंखाली हात घाला," राहीबाई म्हणाल्या.

क्रांतीनं डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचला.

नोकरी तिला लागली. माझ्यावरच काम करते ती. आईचं सकाळचं सगळं आता सुभेदार बघतात. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, कुंकवाला माझी ना नाही. पण यंत्र असो की माणूस, कुणी निम्म्यावर आलं तर थापा मारू नका आणि आपल्याच मनानं तेलही घालू नका. कुठं अडलंय ते आधी विचारा.