हळद लागलेले रुपये

मी एक जुने पासबुक आहे. मला पुस्तक म्हणावे की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. माझ्यात गोष्ट नाही, चित्र नाही. आहेत ते नुसते आकडे. तरी मित्रांनो, तुम्ही थोडे ऐकून घ्याल या आशेवर सांगते.

छापखान्यात मला जाड दोऱ्याने शिवले, तपकिरी पुठ्ठा चढवला आणि चांद्याहून मोटारीने मी जंगलाकाठच्या एका छोट्या टपाल कचेरीत आले. साल होते एकोणीसशे छप्पन. तिथले डोमाजी मास्तर मला कपाटात ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहत. लोकांचा विश्वास खणखणणाऱ्या रुपयावर. माझ्यासारख्या मुक्या कागदावर कोण ठेवणार?

एके दिवशी सोमारीबाई आली. मोहफुले आणि चारोळी विकून जमवलेले पैसे ती घरी बांबूच्या नळीत ठेवी. त्यातल्या दोन नोटा वाळवीने खाल्ल्या होत्या. उरलेले रुपये तिने पळसाच्या पानातून मास्तरांपुढे ठेवले. मास्तरांनी माझ्यावर तिचे नाव लिहिले, आकडा मांडला, शिक्का मारला. मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले.

ते आठच दिवस टिकले. पुढच्या बाजाराला ती परत आली.

"मास्तर, माहे रुपये दाखवा जरा."

"ते तं पुढे गेले, बाई."

"गेले? मले न विचारता कुठी गेले?"

"तेवढेच दुसरे भेटतील तुले."

"दुसऱ्याचे मले काऊन? माह्या रुपयाले हळद लागली होती!"

कचेरीतले लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिचे बोट माझ्यावरच्या आकड्यावर टेकवले. "रुपये गावोगाव फिरतील, बाई. हा आकडा तुह्या नावावर राहीन."

तेव्हापासून दर बाजाराला ती त्या आकड्यावर बोट ठेवून पाही. दोन वर्षांत तिला सगळे आकडे वाचता येऊ लागले आणि माझ्यात त्र्याण्णव रुपये झाले.

त्या उन्हाळ्यात तिच्या नांगराच्या जोडीतला एक हल्या, म्हणजे रेडा, वाघाने नेला. एका हल्याने नांगर चालत नाही, आणि पेरणी तर तोंडावर आलेली. गुणवंतराव नावाचे शेतकरी आपला हल्या पंच्याऐंशी रुपयांना द्यायला तयार झाले आणि त्याला घेऊन थेट कचेरीच्या अंगणात आले. पण त्या दिवशी रोकड आणणारी मोटार जंगलात बंद पडली होती. मास्तरांच्या पेटीत अकराच रुपये!

"पैसे नाई तं हल्या नाई," दोर आवरत गुणवंतराव म्हणाले. "तिकडं बाजारात दुसरं गिऱ्हाईक उभं हाय."

मी टेबलावर पडले होते. त्र्याण्णव रुपये अंगावर लिहिलेले, आणि तिला एक रुपया देता येईना. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात मास्तरांनी विचारले, "भाऊ, तुमचंही पुस्तक हाय ना?"

गुणवंतरावांनी खिशातून ते काढले. दोन फॉर्म भरले गेले. सोमारीचा अंगठा, गुणवंतरावांची सही. माझ्यातले पंच्याऐंशी वजा झाले, त्यांच्या पुस्तकात जमा झाले. धप्प, धप्प, दोन शिक्के.

"अन् रुपये?" गुणवंतरावांनी विचारले.

"आले तुमच्याकडे."

"कवा? मले तं दिसले नाई!"

"मले बी नाई दिसले, भाऊ," सोमारी म्हणाली. "ते सांगून नाई जात. आकडा पाहा."

गुणवंतरावांनी आकडा पाहिला. मग मास्तरांकडे पाहिले. पुन्हा आकडा पाहिला, आणि हसत दोर तिच्या हातात दिला.

सोमारीने पदराची गाठ सोडली, चिमूटभर हळद हल्याच्या कपाळाला लावली आणि ओरडली, "मास्तर, सापडले माहे रुपये!"

या वेळी मास्तरही हसले.

आता माझी पाने भरली आहेत. तिने नवे पासबुक घेतले आणि मला त्याच बांबूच्या नळीत ठेवले. माझ्या एका कोपऱ्याची चव वाळवीने घेतली आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही असे पुस्तक येईल. त्याला कोरडे ठेवा. अंगठा टेकवण्याआधी आकडा वाचा. आणि कोणी हसले तरी 'माहे रुपये कुठी गेले' हे विचारायला लाजू नका. ते विचारणाऱ्या सोमारीइतके नीट मला दुसऱ्या कुणीच वाचले नाही.