कणगी, पेव आणि वैजनाथचे हात

खडकवस्तीच्या धनश्रीनं आपल्या सॉफ्टवेअरचं नाव कणगी ठेवलं, तेव्हा ओढ्यापलीकडच्या बोरमळ्यात कल्याणनं हट्टानं आपल्याचं नाव ठेवलं पेव. कणगी म्हणजे धान्याची उंच टोपली, ओसरीवर उभी, शेणानं सारवलेली, आल्यागेल्याला दिसणारी. पेव भुईच्या पोटातलं. वरून चालत गेलात तरी पायाखाली दाणा निजलाय हे कळायचं नाही. काम मात्र दोघांचं एकच. विहिरींच्या पाण्याच्या नोंदी साठवायच्या आणि मागेल त्याला काढून द्यायच्या.

दोन्ही ओपन सोर्स. ते काय असतं, असं लंकाआत्यानं एकदा भाचीला विचारलं होतं.

"दाराला कडी न्हाई आत्या. कुनीबी यावं, आतलं बघावं, चुकलं असल तर सांगावं, पटलं तर घिऊन जावं."

"मंग त्यो बोरमळ्याचा येतो का?"

"रोज येतो. माज्याच चुलीपुढं बसून माज्याच भाकरीला नावं ठिवतो."

"आन् तू?"

"मी बी जाते की."

कल्याण सुप्याला कारखान्यात कामाला होता. सुट्टीला गावी आला की पेवात काहीतरी नवं घालायचा. त्यानं कणगीतला शोधायचा भाग उचलला, रीतीप्रमाणे धनश्रीचं नाव दिलं आणि पुढं लिहिलं, 'कालवण शेजारणीचं, मीठ आमचं.' धनश्रीला हसू आलं, आणि रागही. पुढची आवृत्ती सोडताना तिनं आत्याकडून ओवी जुळवून घेतली आणि खाली चिकटवून दिली:

माझी कणगी देखणी, सारवली काठोकाठ
शेजारच्या पेवामंदी, उंदरांची वहिवाट

आठवडा उलटायच्या आत पेवाच्या नव्या आवृत्तीखाली उत्तर आलं:

कणगीचा तोरा मोठा, उभी राही दारापाशी
पेव निजे भुईपोटी, दाणा राखी वर्सोवर्सी

"पोरगं बरं जुळवतंय," आत्या म्हणाली. "कुनाचं हाय?"

"आत्या, तू कुनाच्या बाजूनं?"

"मी ओवीच्या बाजूनं."

दोन गावांचा ओढा एक, म्हणून पाणीही एक. पाण्याचा ताळेबंद मांडणारं हिवरे बाजार गाव बघून आल्यापासून दोन्ही गावांनी रब्बीच्या आधी एकत्र ग्रामसभा घ्यायची रीत पाडली होती. पाणी किती ते बघायचं, मगच पीक ठरवायचं. मोजायची पद्धत मात्र आजापणजाची. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकला की ओली खूण धरून दोरी वर ओढायची आणि हात पसरून मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव. वाव जितके कमी, तितकं पाणी वर. मग दोन्ही गावांच्या मोबाईलवरच्या ग्रुपात आवाजानं सांगायचं, "थोरल्या विहिरीला सात वाव." कणगी तो आवाज ऐकून लगेच वावाचे मीटर करायची आणि आवाज टाकून द्यायची. कशाला जागा अडवायची? पेव मात्र सगळं ठेवायचं: आवाज, मोजणाऱ्याचं नाव, मागं भुंकणारं कुत्रंसुद्धा. धनश्रीला चिडवायला म्हणून कल्याणनं खडकवस्तीचे आवाजही त्यात भरून ठेवले होते.

यंदा दसऱ्यानंतरच्या सभेत आणखी एक विषय होता. सरपंच राजेश्वरीबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दोन दोन सॉफ्टवेअर कशाला? एक ठरवा, मोकळं व्हा."

कणगीला खडकवस्तीशिवाय दुसरं गाव नव्हतं. हे गेलं तर दोन वर्षांची मेहनत ओसरीवर नुसती उभी राहिली असती. पण धनश्रीला घोर नव्हता. कणगी सांगत होती की खडकवस्तीत पाणी वर आलंय. लोक खुशीत होते. कांद्याची रोपं टाकलेली होती, सभेनं हो म्हटलं की लावायची.

सभेच्या दिवशी दुपारी कणगीच्या दारात कल्याणची तक्रार येऊन पडली. धनश्रीनं आधी ओवी शोधली. ओवी नव्हती.

'धनश्री, तुझ्या गावचं पाणी वाढलं न्हाई. वैजनाथ वाढलाय. आधी सहादेव तात्या मोजायचे, ते ऊसतोडीला गेले. आता वैजनाथ मोजतो. त्याचे हात मला ठाऊक हायेत. कबड्डीत मी रेषेला टेकलोच हुतो, तरी मागं वढला.'

ती हसली. मग हसू ओठावरच थांबलं. सहादेव तात्या एवढेसे, विहिरीच्या कठड्याशी दगडावर उभं राहणारे. वैजनाथ दारातून वाकून आत येणारा. तात्यांचे सात वाव ते वैजनाथचे सहा. दगड तेवढाच खाली, कदाचित वीतभर जास्तच. आणि कणगीनं सगळ्यांचे हात एकसारखे धरले होते.

"कुनाला कळतंय?" सगळं ऐकून आत्यानं हळूच विचारलं.

"कल्यानला कळलंय."

"सभेत बोलल त्यो?"

"न्हाई बोलनार. माज्या दारात टाकलंय, चावडीवर न्हाई."

धनश्री ओसरीवरून बघत राहिली. समोरच्या वाफ्यात कांद्याची रोपं उभी होती, कोवळी, वाऱ्याला हसणारी. पौषात विहिरी तळाला गेल्यावर त्यांच्याकडं कोण बघणार होतं?

शाळेच्या पटांगणात सभा भरली. राजेश्वरीबाईंनी नाव पुकारताच धनश्री उठली आणि एका दमात बोलून गेली, "कणगीचा आकडा चुकलाय. पानी वर आलेलं न्हाई. कांदा लावू नका."

गलका झाला. वैजनाथ उभा राहिला. "म्हंजी? पानी मी पिलो का?"

"तू न्हाई, तुजे हात," कोपऱ्यातून कल्याण म्हणाला.

हशा पिकला. मग सगळ्यांनी कल्याणलाच पुढं ढकललं, दाखव म्हणाले. त्यानं लॅपटॉप उघडला, पेवाला सहादेव तात्यांचा आवाज मागितला. पडद्यावर चाक फिरू लागलं. चहा आला. चाक फिरत होतं. चहा संपला.

"पेव उघडल्यावर लगी उतरू न्हाई," लंकाआत्या म्हणाली, "आधी आत कोंडलेली वाफ जाऊ द्यावी."

कल्याण बटणं दाबत राहिला. "सगळं जसंच्या तसं ठिवतं ना, म्हनून जरा…"

"ठिवतं व्हय. देतं कदी?" आत्यानं विचारलं.

धनश्रीनं लॅपटॉप ओढून घेतला. "अरे, माजा जुना शोध अजून वापरतोस? नवा कवाचा फुकट पडलाय."

"त्याच्याखाली ती उंदरांची ओवी हुती. घेतला असता तर ती बी घ्यावी लागली असती."

"शहाना!"

तिनं नवा शोध पेवाला जोडला. चाक थांबलं. आणि उसाच्या फडात कुठंतरी असलेले सहादेव तात्या पटांगणात बोलू लागले, घोगऱ्या आवाजात: "थोरल्या विहिरीला सात वाव. आन् पोरांनो, वाकून बघू नगा रं." मग कुत्रं भुंकलं. तात्यांची सून छबूबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तात्यांचे आखूड हात सगळ्यांना ठाऊक होते; त्यांचे सात म्हणजेच वैजनाथचे सहा, हे आता पटलं.

कांदा रद्द झाला. ज्वारी आणि हरभरा ठरला. राजेश्वरीबाई म्हणाल्या, "ठेवायचं पेवानं, काढून द्यायचं कणगीनं. संपला विषय."

"म्हंजी माजी कणगी रिकामी," धनश्री पुटपुटली.

"रिकामी कशी?" कल्याण खाली बघत म्हणाला. "समदं गाव तिच्याच दारात येनार. पेवाकडं कोन बघतंय?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, म्हणाली, "आता ओवी नको." पण आवाज मऊ होता.

मग ठरलं की दोन्ही गावांत मोजणाऱ्या प्रत्येकाचा वाव आधी मापून घ्यायचा. पहिला मान वैजनाथचा. तो शाळेच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. टेपचं एक टोक कल्याणनं त्याच्या डाव्या बोटाशी धरलं, दुसरं धनश्रीनं उजव्या.

"आकडा आधी पेवात जाईल," कल्याण म्हणाला.

"आधी कणगी तपासनार."

"तपासायला आधी साठवाय नको?"

"चुकीचं साठवून काय लोनचं घालायचंय?"

"हे बघ, माज्या पेवात…"

"तुज्या पेवात चाक फिरतंय!"

"आवो," मधून वैजनाथ म्हणाला, "मी हात खाली घिऊ का?"

"थांब!" दोघं एकदमच ओरडले.