केंदूरच्या काल्यात उतरलेली पेटी

अलीम सरांचे दोन फुगे आधीच हरवले होते. फुगे म्हणजे जत्रेतले नव्हेत. हवामानवाले सोडतात तसले, माणसापेक्षा उंच, खाली छत्री आणि छत्रीखाली चांदीचा कागद लावलेली थर्माकोलची पेटी. पेटीत यंत्र. वर किती थंडी, किती दाब, ते यंत्र टिपून ठेवणार. फुगा आभाळात फुटला, की छत्री उघडून पेटी खाली येणार. पण कुठं येणार, ते आधी सांगता आलं पाहिजे. नाहीतर टिपलेलं सगळं कुणाच्या तरी उसात कुजायचं.

सर दौंडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "शेख, हा तिसरा. पेटी हातात आली तर पुढचे फुगे मागवू. न्हाई आली तर हा नाद सोडायचा."

त्या दिवशी गोपाळकाला होता. सकाळी मैदानावरून फुगा सुटला आणि ढगात शिरला. सर लगेच माझ्या जीपमध्ये येऊन बसले. मांडीवर नकाशा, त्यावर पेन्सिलीचे बाण एकापुढं एक जोडलेले.

"हे काय वो, सर?"

"वारे, पोपटराव. पुण्याहून फोनवर आकडे घेतलेत. पावसाळ्यात खाली वारा पश्चिमेचा, म्हणून फुगा आधी पूर्वेला जाणार. पण फार वर गेलं, की वारा उलटा. तिथून तो पश्चिमेला पळणार आणि उतरताना पुन्हा थोडा मागं येणार. प्रत्येक थराचा बाण काढला आणि जोडला."

"आन् शेवटचा बाण कुठं टेकला?"

"केंदूर."

मी गाडी अशी काढली, की सरांनी दांडा धरला. केंदूरला काल्याचं कीर्तन रखमाजीबुवांचं होतं. माझं सकाळपासून तिकडंच चित्त, आणि वारा मला भाड्यासकट तिकडंच घेऊन निघालेला! देव कुणाच्या हातानं बोलावणं धाडील, सांगता येत नाही.

केंदूरला ओढ्याकाठी जीप लावली. सरांच्या नकाशावर फुली तिथंच. आम्ही बाजरीत शिरलो, बांध तुडवले, बाभळीखाली वाकून पाहिलं. पेटी नाही. विचारावं तर शिवारात माणूस नाही. लांबून मृदंग तेवढा ऐकू येत होता. सगळा गाव मांडवात.

सर दगडावर बसले. "तिसरीही गेली, पोपटराव."

"अहो, माणसं जिथं हायत तिथं तरी चला."

मांडवात पाय ठेवला आणि माझी मान वर गेली. दहीहंडीच्या दोराला, हंडीला अगदी खेटून, एक चांदीच्या कागदाची पेटी लटकत होती. वर लाल छत्री, भोवती झेंडूच्या माळा. सरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी माळांखाली झाकलेली. सरांनी माझा दंड असा दाबला, की मी कळवळलो.

शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "आबा, ते काय हाय?"

"झुंबर! आमच्या बन्सीनं आणलंय, रांजणगावच्या कंपनीतनं. कबूल केलंवतं त्यानं. वावरात टाकून शिफ्टला गेला असंल, आत्ताच आलाय."

बन्सी पुढंच बसला होता. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि तो मान खाली घालून लाजत होता.

तेवढ्यात बुवांच्या हातात काठी आली. आता हंडी फुटणार, आणि पेटी हंडीला चिकटलेली.

"ओरडू का?" सर पुटपुटले. "पण मधेच बोललेलं बरं दिसणार नाही."

"कीर्तनात मधे कुणीच बोलत न्हाई, सर. तुम्ही असा न्हाईतर मी. पण हार घालायला कुणी बी जातं."

दाराशी हारांची टोपली होती. एक उचलला आणि टाळकऱ्यांमधून पुढं गेलो. बुवांच्या गळ्यात हार घातला, पाया पडलो. बुवांनी रिवाजाप्रमाणं उराशी धरलं, तसा कानात म्हणालो, "महाराज, ते झुंबर न्हवं. आभाळातनं आलेलं यंत्र हाय, मागं उभ्या असलेल्या सरांचं. काठी लागू देऊ नका."

बुवांनी ताल चुकू दिला नाही. काठी खांद्यावर ठेवून लोकांकडं वळले.

"गड्यांनो, कन्हैयानं लोणी चोरलं, हंड्या फोडल्या. पण पाहुण्याच्या डोक्यात काठी घातली, असं कुठं ऐकलंय का?"

"न्हाई, महाराज!"

"मग वरनं आलेल्या ह्या पाहुण्याला आधी खाली उतरवा. काय बन्सीशेठ, पाहुणा तुमचाच ना?"

बन्सी उभा राहिला. कान तांबडे झालेले. "न्हाई, महाराज. माझं झुंबर कंपनीच्या लॉकरमधीच राहिलं."

मांडव असा हसला, की मृदंगवाल्याचाही हात थांबला. बन्सीच वर चढला आणि पेटी तान्ह्या लेकरासारखी खाली घेऊन आला. मग काठी बसली, लाह्या उडाल्या. बुवांनी पहिला घास सरांच्या ओंजळीत घातला. सरांनी तो खाल्ला, हात पुसले, पेटी उघडली. आत हिरवा दिवा लुकलुकत होता.

"चालू आहे!" सर एवढंच म्हणाले. डोळे भरलेले.

इतक्यात अनसाबाई पुढं आल्या, पदर खोचून. "म्हंजी तुमचं व्हय ते? माझ्या कांद्याच्या रोपात पडलंवतं. दोरीनं अर्धा वाफा झोपवला! मीच आमच्या भिमाकडनं मांडवात धाडलं, बन्सीचं समजून."

माफी मागायची सोडून सर आनंदानं ओरडले, "कुठं? नेमकं कुठं? दाखवता का, मावशी?"

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. "बरं हाय न्हवं ह्यांचं?"

वाफा ओढ्यापलीकडं होता, आम्ही शोधलं तिथून तिसऱ्या वावरात. सरांनी नकाशावर नवी फुली मारली, दोन्ही फुल्यांमधलं अंतर बोटानं मोजलं आणि वाफ्यात उकिडवे बसून आडवी झालेली रोपं एकेक करून उभी करायला लागले.

अनसाबाईंचा राग निवळला. त्याही शेजारी बसल्या. "पुढल्या खेपंला बांधावर पाडा."

"पाडतो की. फक्त तुम्ही काय कुठं पेरणार, ते मला आधी कळवायचं."