डाव्या कोपऱ्याचा कौल

खेळ सोड म्हणून सत्यवानाला सांगणारे काही कमी नव्हते. डॉक्टरने गुडघ्याचा फोटो उजेडात धरून सांगितलं, तेव्हा हा गालातल्या गालात हसला. बायकोने, संचिताने सांगितलं, तेव्हा ताटात आणखी भात वाढून घेतला. चौतिसाव्या वर्षीही शिरोड्याच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा त्याचाच होता, आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या मुठीत सापडला की सुटत नसे. असल्या हट्टी माणसाला गप्प करायचं तर देवच मध्ये घालावा लागेल, हे दाजींना पक्कं ठाऊक होतं.

दाजी संघाचे प्रशिक्षक. सत्यवान आठवीत असताना त्याला होडीवरून उतरवून मैदानात आणला तो त्यांनीच. त्याच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी उभे राहिले तेही तेच.

दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्या शेठने संघ विकत घेतला आणि व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. खेळाडू करारावर आले, अंगावर रंगीत बनियनी आल्या. गेल्या मोसमात मात्र आठ संघांत सातवा नंबर. पावसाने खेळ बंद झाल्यावर शेठ संघाची डागडुजी करायला बसला. दोन चढाईवाले गेले, कोल्हापूरचा एक आला. डाव्या कोपऱ्यासाठी कसालच्या ओमकारचं नाव निघालं, वय बावीस.

पण गावची रीत अशी की करारावर सही नंतर, आधी ग्रामदेव रवळनाथाचा कौल. गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न ठरवायचं असो की होडी बांधायची, गावात त्यापुढे बोलणं नाही. शेठला हे सगळं हास्यास्पद वाटायचं, पण तो आड येत नसे.

जून संपता संपता दाजी सत्यवानाच्या पडवीत येऊन बसले. हातात देवाचा नारळ होता.

"सत्या, तुझ्या नावान कौल लावलो," ते म्हणाले. "देव नाय म्हणता. परत लावलो, तरी नाय. खेळलस तर पाय गमावतलस. खंयच खेळा नको, असाच पडला."

"खंयच नाय?"

"खंयच नाय रे."

कुठेच नाही, म्हणजे गोव्यालाही नाही. लीगमधल्याच गोव्याच्या संघाने सत्यवानाला दोन दिवसांपूर्वीच फोन केला होता. त्याला अजून एकच मोसम हवा होता. चार लोकांसमोर, स्वतःच्या पायांनी मैदानातून निरोप घ्यायचा, एवढीच हौस होती. दाजी गेल्यावर त्याने नारळ देवापुढे ठेवला, गोव्याला फोन करून नाही म्हणून कळवलं आणि त्या दिवशी जेवला नाही. डॉक्टरला जमलं नाही ते देवाने केलं, म्हणून संचिताला बरंच वाटलं असावं.

वर देवाचा मान राखायचा म्हणून जुलैभर त्याने ओमकारला शिकवलं. गड्याच्या पायाकडे नको, कमरेकडे बघ. घोटा धरलास की सगळं वजन त्यावर टाक. वीस वर्षांत हाताला जे कळलं होतं ते सगळं त्याने हातचं न राखता देऊन टाकलं. पोरगं गुणी होतं, पटापट उचलत होतं. जुलै संपला आणि त्या मोसमासाठी लीगच्या खेळाडूंच्या याद्या बंद झाल्या.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या. श्रावण संपल्यावर बाबू गुरव किनाऱ्यावर पिशवी भरून बांगडे घेताना दिसला, तेव्हा सत्यवानाने त्याची थट्टा केली.

"बाबू, सगळी होडीच घेवन जातलस काय?"

"काय करू? काकी गेली ना जूनात. धा दिस सुतकात होतंव. मासो नाय, देवळात पाय नाय. त्याच्यामागसून श्रावण इलो."

"जूनात कधी?"

"वीस तारखेक गेली. तीसपर्यंत आमी बाहेरच. शेजारच्या गावचो गुरव येवन दिवो लावी तेवढोच."

"मगे कौल?"

"सुतकात कौल कसो होतलो?" बाबू म्हणाला. "त्याच्याआधी पण नाय. आख्ख्या जूनात कोणी लावक नाय."

दाजी पडवीत आले होते ते अठ्ठावीस तारखेला. कोपऱ्यावरून काढलं याचं सत्यवानाला तितकं लागलं नाही. संघ सुधारायचा तर म्हाताऱ्या गुडघ्याने वाट द्यायची, हे त्यालाही कळत होतं. पण गोव्याच्या फोनची कुणकुण लागली, तिकडून खेळून उलटा आपल्याच संघावर येईल म्हणून दाजींनी त्याला घरात बसवला, आणि त्यासाठी देवाला खोट्यात ओढलं. मामा म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाने.

तो तडक दाजींकडे गेला. "दाजी, कौल कोणी लावल्यान हुतो?"

दाजींनी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "बाबून."

सत्यवान परत फिरला.

दिवाळीनंतर मोसम सुरू व्हायच्या दिवशी सगळा संघ रवळनाथासमोर उभा राहिला. शेठ होता, गाव होता. दाजींनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. एकेका खेळाडूचं नाव घेऊन ते यश मागत होते आणि दर वाक्याला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा." ओमकारच्या नावाला सत्यवानही म्हणाला. पोराचा काय दोष?

"आणि ह्यो सत्यवान," दाजींचा आवाज भरून आला, "तुझो कौल मानून खुशीन बाजूक झालो. त्याका सुखात ठेव रे म्हाराजा."

बाबू गुरवाने मान खाली घातली. लोकांचे ओठ उघडले होते, पण त्यांच्या आधी सत्यवान बोलला, हळू, नेहमीच्याच आवाजात.

"नाय म्हाराजा."

त्या देवळात गाऱ्हाण्याला आजवर कोणी नाय म्हटलं नव्हतं. लोक दाजींकडे बघत राहिले. दाजी हातातल्या नारळाकडे बघत होते, आणि पुढचं वाक्य त्यांना काही केल्या आठवेना.