काटा आधी

भागवतने माउसवरचा हात उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा खिशात घातला; तरी पडद्यावरचा बाण पळतच राहिला. कोपऱ्यात गेला, तिथून उसळून मधे आला, कुणी न सांगता एक फाईल उघडली आणि मिटवून टाकली. शेजारी काचेच्या पेटीतला काटा मात्र साळसूदपणे शून्य दाखवत बसला होता. त्याच्यावरचं वजन आपोआप संगणकात उतरावं म्हणून तर दोघांमध्ये तार जोडली होती. उतरत काहीच नव्हतं.

"रोज सकाळी असंच," आरोही म्हणाली. "तुम्ही मागं दोनदा येऊन गेलात. तुमच्यासमोर गुणानं चालतं, अन् दुसऱ्या दिवशी परत अंगात येतं."

भागवत अंबाजोगाईहून दुरुस्तीला येई. यंत्राचा दोष आधी माणसांत शोधायचा, ही त्याची खोड. चहा कुणाच्या शब्दावर येतो आणि कुणाच्या शब्दावर लांबतो, एवढ्यावरून घराचा सगळा हिशेब तो मनात मांडून मोकळा होई. युसूफ वडगाव या गावातल्या माती तपासणीच्या लॅबचा हिशेब मात्र त्याला लागत नव्हता. मागच्या खेपेला त्याने तार काढली, संगणक बंद करून चालू केला, मग नवी तार लावली, आणि सगळं सुरळीत झालं म्हणून हात झटकून निघून गेला. म्हणून या वेळी तो आदल्या संध्याकाळीच येऊन मुक्कामाला राहिला होता.

लॅबची जागा आधी पेंडीचं गोदाम होती. मालक सुंदरराव, जन्मभर आडतीचं दुकान चालवलेला माणूस. सून आरोही एमएस्सी होऊन आली, तेव्हा गोदाम रिकामं करून त्यांनीच ते तिला दिलं होतं. पण जी कंपनी मातीचे नमुने पाठवायची, तिला हाताने भरलेली वजनं चालत नव्हती. पंधरवड्यापासून पिशव्या तशाच पडून होत्या. कंपनी आता दुसरी लॅब बघायला लागली होती, आणि परवा सकाळी पेंडीचा टेम्पो पुन्हा इथंच खाली होणार असल्याचं सुंदररावांनी आदल्या रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता, कुणाकडेही न बघता सांगून टाकलं होतं.

"सगळं बंद करू," भागवत म्हणाला. "आता रोज जसं उघडता, तसं माझ्यासमोर परत उघडा."

सुंदररावांना हे काम आवडलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली, दारातल्या फोटोपुढे उदबत्ती लावली. मग काट्यापाशी येऊन, नाडी बघावी तसं एक बोट त्याच्या बटणावर ठेवलं. आकडे उजळले. त्यांनी हात जोडले आणि मान हलवून सुनेला परवानगी दिली. तेव्हा कुठे तिने संगणक चालू केला.

"काटा आधी," ते भागवतला समजावून सांगू लागले. "आमच्या आडतीत काटा मालकानं उघडायचा. त्याच्या आधी दुसरं कायबी चालू करायचं न्हाई. आज्यापासून हाय हे."

संगणक जागा झाला आणि बाण पुन्हा उधळला.

भागवतने चहाची आठवण काढली. सुंदरराव चहाचं सांगायला आत गेले, तसं त्याने पुन्हा सगळं बंद केलं. या वेळी संगणक आधी लावला, तो पुरता उठू दिला आणि मग काटा. बाण जागचा हलला नाही. त्याने पुन्हा उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं. भागवत स्वतःशीच हसला. दाराशी पाऊल वाजल्यासारखं झालं, पण वळून बघेपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

"तुमचा काटा चालू झाला की सारखा आकडे पाठवत बसतो," तो आवाज उतरवून आरोहीला म्हणाला. "संगणक उठता उठता ते ऐकतो अन् त्याला वाटतं, हा माउसच आहे. मग आकडा आला की बाण पळतो. काही बिघडलेलं नाही. मामांना एवढंच सांगा, संगणक आधी, काटा मागून."

आरोहीने काट्याच्या काचेवरून पदराने नसलेली धूळ पुसली.

"त्यांना न्हाई सांगायचं," ती म्हणाली. "दुकान सुटल्यापासून सकाळी एवढ्यासाठीच अंघोळ करून येतात. काट्यातच काहीतरी बदला."

बदलता येत होतं. दुसरं एक बटण दाबल्यावरच आकडा पाठवायचा, एरवी गप्प बसायचं, असं भागवतने काट्याला शिकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खातरजमा करूनच जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरराव आलेच नाहीत. उदबत्ती तशीच, काटा अंधारलेला. आरोही पहिल्या नमुन्याची पिशवी हातात धरून उभी होती. भागवतने संगणकाकडे बोट दाखवलं, तिने नकारार्थी मान हलवली. बाहेर टेम्पो येऊन थांबला, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. तेव्हा कुठे सुंदरराव वाड्याच्या दारातून आले. अंघोळ झालेली, टोपी डोक्यावर. पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"अजून चालू कावून न्हाई केलं?"

"मामा, काटा उघडायचाय."

"तूच उघड. मी आधी उघडला की तुझं मशीन पिसाळतंय. काल बघितलं मी दारातून."

"आता न्हाई पिसाळत," आरोही म्हणाली. "काल बदलून घेतलंय."

सुंदररावांनी भागवतकडे पाहिलं. भागवतला छतात बघण्यासारखं बरंच काही सापडलं.

"मग काल सांगायचं ना," ते म्हणाले. "पहाटपासून उगंच बाजेवर पडून हाय मी."

त्यांनी चपला काढल्या. उदबत्ती लावली. काटा उजळला, संगणक उठला, बाण होता तिथेच राहिला. आरोहीने काचेची पेटी सरकवून चिमूटभर माती ताटलीत ठेवली. श्वासानेही हा काटा हलतो, हे तिने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाहेर ड्रायव्हर पुन्हा हॉर्न वाजवायला लागला, पोती कुठं उतरवायची म्हणून ओरडू लागला. सुंदररावांनी त्याच्याकडे न वळताच जुन्या दुकानाच्या दिशेने हात केला. बोलले काहीच नाहीत, कारण त्यांनी श्वास रोखून धरला होता.